पावलीची वाट

व्हर्ना हुडाक शनिवारी सकाळी कुणालाही भेटत नाही, हे आमच्या कोल्टनमध्ये पोस्टमनपासून फादरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. शनिवारी सकाळी ती अँडीकडे जाते. अँडी पेट्रुनॅक हा तिचा होणारा नवरा. अडुसष्टच्या मार्चमध्ये तो व्हिएतनामच्या लढाईत मारला गेला. व्हर्ना आता पासष्टीची आहे, तरी त्याच्याबद्दल बोलताना ती ‘होणारा’ हा शब्द गाळत नाही. मी एकदा म्हटलं, “अगं, आता नुसतं अँडी म्हण की.” तर म्हणाली, “का? लग्न मोडलंय का?”

मी रेटा, तिची शेजारीण. दोघींच्या घरांना मधली भिंत एकच. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून गाडी मी चालवते, म्हणजे शनिवार माझाही गेलाच.

लग्न जूनमध्ये ठरलं होतं. आमच्याकडे लग्नात केक असो नसो, कुकीजचं टेबल लागतं आणि ते मुलीकडच्या बायकांनी भरायचं असतं. तिच्या मावश्या, काकवा फेब्रुवारीपासूनच कामाला लागल्या होत्या. अक्रोडाच्या, जर्दाळूच्या, मलई भरलेल्या नळ्या, डबेच्या डबे फ्रीझरमध्ये रचले होते. मग तार आली. शवपेटी यायची होती, लांबचे पाहुणे यायचे होते. व्हर्नाच्या आईने बराच विचार केला आणि फ्रीझर उघडला. मातीनंतरच्या जेवणाला चर्चच्या तळघरात तिच्या लग्नाच्या कुकीज वाढल्या गेल्या. माझ्या ताटलीत जर्दाळूची आली. मी ती खाल्ली. छान झाली होती, हेच तर वाईट.

शवपेटीवरच्या झेंड्याची त्रिकोणी घडी अँडीच्या आईच्या मांडीवर ठेवली. पदकाची डबीही तिलाच. व्हर्ना तिसऱ्या रांगेत बसली होती, बोटात अंगठी घालून. जूननंतर हे झालं असतं तर ती पहिल्या रांगेत बसली असती. पुढे त्याची आई गेली, भाऊ ॲरिझोनाला निघून गेला, झेंडा त्याच्यासोबत गेला. थडग्यावरचं गवत काढायचा हक्क मात्र कुणी सांगितला नाही. तो व्हर्नाला आपसूक मिळाला.

बाकी तिचं आयुष्य चारचौघींसारखं. काचेच्या कारखान्यात पेले तपासायला होती. पट्ट्यावरून येणारा पेला उजेडाकडे धरायचा, आत बुडबुडा दिसला की बाजूला काढायचा. कारखाना बंद पडेपर्यंत तिने तेच केलं. मधे एडी नावाच्या एका विधुराने तिला विचारलं होतं. बरा माणूस होता. तिने त्याला जेवायला घातलं, त्याच्या कोटाचं अस्तर शिवून दिलं आणि नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्यांच्या लग्नांना मात्र ती पोत्याने मैदा आणून कुकीज करते. गावातल्या एकाही नवरीचं टेबल तिने रिकामं राहू दिलं नाही.

तिला एकच गोष्ट कळायला हवी होती. अँडी गेला तेव्हा त्याच्याजवळ कुणी होतं का? लष्करातून आलेला माणूस अँडीच्या आईला म्हणाला होता की त्याला काही त्रास झाला नाही. हे ते सगळ्यांनाच सांगतात. इथे पोलादाच्या कारखान्यात माणूस गेला की कारखानावालेही हेच सांगायचे. व्हर्नाला ते पुरलं नाही. “त्याला एकट्याला झोप लागायची नाही गं,” ती म्हणायची. “एवढा सहा फुटांचा गडी, पण भावाच्या खोलीत खाट टाकून झोपायचा. त्याला मी चिडवायची.”

ही हुरहूर तिने आयुष्यभर गप्प बसून सांभाळली असती. पण आमच्या चेट वास्कोला पाटी लावायची हौस आली. चेट माजी सैनिकांच्या क्लबचा अध्यक्ष. माणूस प्रेमळ, पण कुठे काही वाचलं की त्याला स्वस्थ बसवत नाही. सैनिकाच्या थडग्यावर नाणं ठेवायची रीत आहे, असं त्याने कुठेसं वाचलं आणि दफनभूमीच्या फाटकाला पाटी ठोकली. पेनी, म्हणजे एक सेंट, ठेवली तर ‘मी येऊन गेलो’. पाच सेंटांचं नाणं ठेवलं तर ‘आपण एकत्र कवायत शिकलो’. दहा सेंटांचं ठेवलं तर ‘आपण एका तुकडीत होतो’. आणि पावली, म्हणजे पाव डॉलर, ठेवली तर ‘तू गेलास तेव्हा मी जवळ होतो’. ही रीत जुनी की चेटच्या पाटीइतकीच ताजी, देव जाणे. लोकांनी ती उचलली खरी. नाणी साठली की चेट ती गोळा करतो आणि ज्या म्हाताऱ्या सैनिकाला मागेपुढे कुणी नाही त्याच्या मातीला लावतो. काम चांगलंच आहे.

पण व्हर्नाने ती पाटी वाचली त्या दिवसापासून तिचं शनिवारचं जाणं बदललं. आधी ती गवत काढायला जायची. आता ती पावली बघायला जाऊ लागली. गाडीतून उतरली की तरातरा दगडापाशी जायची आणि त्याच्या माथ्यावरून हात फिरवायची. डोळ्यांवर भरवसा नव्हता, म्हणून बोटांनी. पेन्या असायच्या. एकदा पाच सेंटांचं मिळालं, ते आमच्या न्हाव्याचं; तो आणि अँडी एकाच बसने भरतीला गेले होते. पावली कधीच नसायची.

“येईल,” ती म्हणायची. “कुणीतरी असेलच की. तोही आता म्हातारा झाला असेल, प्रवास झेपत नसेल.”

मी चेटला क्लबात गाठून सुनावलं, “तुझ्या त्या पाटीने बाईला नादाला लावलंयस.”

तो बिचारा ग्लास पुसत म्हणाला, “मी काय पावली ठेवू का तिथे गुपचूप?”

“खबरदार,” मी म्हटलं. खरं सांगायचं तर माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं.

त्या साली, दोन हजार बारामध्ये, मार्चमधल्या एका शनिवारी व्हर्नाचा हात दगडावर थबकला. तिने काहीतरी उचललं, डोळ्यांजवळ नेलं, नखाने टोकरलं आणि नाक मुरडलं.

“कार वॉशचं टोकन,” ती म्हणाली. “पोरांना काही लाजलज्जा? माझ्या अँडीच्या डोक्यावर टोकन.”

पिवळं, छोटं, चकचकीत. पुलापलीकडच्या कार वॉशची टोकनं अशीच पितळी आहेत. शिवाय हिवाळाभर रस्त्यावरचं मीठ लागून माझ्या गाडीचा मूळ रंग कुणाला आठवत नव्हता. व्हर्ना म्हणाली, नाणं असतं तर चेटला दिलं असतं, टोकन ज्याचं त्याला परत करू, फेसासकट. आम्ही सरळ तिकडे गेलो. तिने खिडकीतून हात काढून ते यंत्रात सरकवलं. यंत्राने थुंकून टाकलं. तिने पुन्हा घातलं, पुन्हा बाहेर. मग तिने यंत्राला थापटी मारली, मी त्याला शिव्या घातल्या, मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला. शेवटी मालक बाहेर आला. त्याने ते तळहातावर घेतलं आणि उन्हात धरलं.

“काकू, हे आमचं नाही,” तो म्हणाला. “हे सोनं आहे.”

मी चष्मा लावून बघितलं. एका बाजूला नांगराला लटकलेली पाच टोकांची चांदणी, तिच्याभोवती ‘मेडल ऑफ ऑनर’ ही अक्षरं. दुसऱ्या बाजूला ढाल आणि झेंडा घेऊन उभी असलेली बाई, आणि खाली पाच डॉलर. जन्मभर काचेतले बुडबुडे शोधणाऱ्या व्हर्नाने सोन्याचं नाणं कार वॉशच्या यंत्रात घातलं होतं. एरवी मी तिला वर्षभर छळलं असतं. पण ती पांढरीफटक पडली होती.

“हे कुणी ठेवलं?” ती म्हणाली. “पाटीवर हे नाहीये.”

चेटने ते बघितलं आणि त्याने कधी नव्हे ती टोपी काढली. देशातलं सर्वांत मोठं शौर्यपदक आहे ना, त्याला दीडशे वर्षं झाली म्हणून टांकसाळीने मागच्या साली हे नाणं काढलं होतं, एवढं त्याला माहीत होतं. पदक विकत मिळत नाही, नाणं मिळतं. आता हे कोल्टनसारख्या गावात, अँडीच्या दगडावर कोण आणून ठेवणार? क्लबात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं, काचेच्या कपाटात ठेवू. कुणी म्हणालं, विकून छपराची गळती बुजवू. व्हर्ना आत आली, चेटपुढे हात पसरला आणि म्हणाली, “आण इकडे. कुणाचं ते कळेपर्यंत माझ्याकडे राहील.” चेटने ते तिच्या हातावर ठेवलं.

कळायला गुरुवार उजाडला. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत शुक्रवारी चर्चमध्ये तळलेला मासा आणि पिरोगी विकतात. पिरोगी आम्ही बायका आदल्या दिवशी तळघरात बसून करतो. मैद्याची पारी लाटायची, बटाट्या-चीजचं सारण भरायचं, कडा चिमटायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायच्या. हात पिठात आणि तोंड गावभर. तिथे डॉट होती, हायवेवर जिचं फळं भरून भाजलेल्या पायचं दुकान आहे ती.

“म्हातारा होता एक,” डॉट म्हणाली. “उंच, कानात यंत्र. चेरी पाय मागवला आणि खाल्लाच नाही. दफनभूमी कुठे विचारत होता. गाडी नॉर्थ डकोटाची.”

“आणि हे तू आज सांगतेस?” मी म्हटलं.

“मला कुणी विचारलं का? आणि पाय टाकून जाणाऱ्या माणसाची मी जाहिरात करू का?”

त्याच्या क्रेडिट कार्डावरचं नाव तिच्या लक्षात होतं, कारण सहीशी ताडून बघितल्याशिवाय ती कुणाला सोडत नाही. ऑरिन हॉगन. बटाट्यांची पोती टाकायला आलेला चेट ते नाव ऐकून खुर्चीत बसला. मेडल ऑफ ऑनर मिळालेली जिवंत माणसं देशात फार थोडी, आणि चेटला ती नावं तोंडपाठ. हॉगन त्यांतला एक. जखमींना पाठीवर घालून गोळीबारातून बाहेर काढलं म्हणून. साल अडुसष्ट. महिना मार्च.

व्हर्नाने हातातली पिरोगी खाली ठेवली. “म्हणजे तो तिथे होता,” ती म्हणाली. “पावली नसेल त्याच्या खिशात. म्हणून त्याने त्याहून मोठं ठेवलं.” तिचा चेहरा असा झाला की मला तिच्याकडे बघवेना. इतक्या वर्षांत मी तिला वाट बघताना पाहिलं होतं, मिळाल्यासारखं कधी पाहिलं नव्हतं.

चेटने फोन लावून त्याला गाठलं. हॉगनने विचारलं, “त्याचं कुणी आहे का तिथे?” चेटने सांगितलं, आहे. तेव्हा म्हणाला, येतो.

मग काय, चेटच्या अंगात वारं शिरलं. त्या पदकाच्या माणसाला सेनापतीसुद्धा आधी सलाम करतो, आणि तो आपल्या गावात येणार. पुढल्या शुक्रवारी चर्चमध्ये मासे तळायच्या वेळी समारंभ ठरला. म्हाताऱ्यांनी पेटीतून गणवेश काढले. एकाचंही बटण पोटावर लागेना. क्लबाच्या दाराबाहेर आठवडाभर सलामीचा सराव चालला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची करमणूक होत होती.

हॉगन आला गुरुवारीच. आणि पुढच्या दाराने नाही, तळघराच्या मागच्या दाराने, जिथून कांदे-बटाटे येतात. आम्ही पिठात. एक उंच माणूस दार उघडं धरून उभा.

“दार लावा हो, वाफ जातेय,” व्हर्ना न बघता ओरडली. “आणि कांदे त्या कोपऱ्यात ठेवा.”

“कांदे नाहीत माझ्याकडे,” तो म्हणाला. “मी ऑरिन हॉगन. उद्याची गर्दी मला जमत नाही, म्हणून आज आलो.”

बायका एकेक करून हात पुसत वर गेल्या. डॉटलासुद्धा कुणीतरी दंडाला धरून नेलं. मी राहिले, कारण भांड्यात पिरोगी होत्या आणि त्या सोडून गेलं तर लगदा होतो. व्हर्नाने त्याला बाकावर बसवलं. स्वतः समोर बसली आणि पारी हातात घेतली. हात रिकामे ठेवून तिला ते ऐकायचं नसावं.

“तुम्ही त्याच्या कोण?” त्याने विचारलं.

“जूनमध्ये आमचं लग्न होतं.”

त्याने मान हलवली. मग म्हणाला, “तुम्हाला काय विचारायचंय ते विचारा. मी आपणहून सांगायला बसलो तर पदकाची गोष्ट सांगतो. तीच तोंडात बसलीये.”

“तो गेला तेव्हा तुम्ही त्याच्याजवळ होतात ना?”

“नाही.”

व्हर्नाने कडा चिमटल्या. चिमटलेल्याच पुन्हा चिमटल्या.

“आम्ही ओढ्याच्या वर अडकलो होतो,” तो म्हणाला. “बरेच जण जखमी होते. मी एकेकाला उचलून खाली नेत होतो. त्याच्याकडे आलो तेव्हा त्याच्या शेजारी एक पोरगा होता, नुकताच आलेला, रडत होता. तुमचा अँडी म्हणाला, आधी याला ने, याला सोसवत नाहीये. मी त्याला नेलं. परत निघालो तर वरून असा मारा सुरू झाला की मला डोकं वर काढता येईना. पोहोचलो तोवर तो गेला होता. त्याच्याजवळ कुणी नव्हतं.”

“दुसरं कुणी? तुमच्यानंतर कुणी आलं असेल.”

“नाही. वर तो एकटाच राहिला होता.”

“किती वेळ?”

“मला नाही सांगता यायचं. मला फार वाटला. त्याला अजून जास्त वाटला असेल.”

मी झाऱ्याने पाणी ढवळत होते आणि मला त्या माणसाचा राग आला. चार गोड शब्द बोलायला याच्या बापाचं काय जात होतं? ‘शांत होता’ म्हणायचं, ‘हसत होता’ म्हणायचं. एवढ्या लांब गाडी चालवत येऊन हे सांगायचं?

“घाबरला होता का?” व्हर्नाने विचारलं.

“हो.”

“काही म्हणाला? माझं काही?” हे ती इतक्या हळू म्हणाली की त्याने यंत्राचा कान पुढे केला. तिला ते पुन्हा म्हणावं लागलं. ती पुन्हा म्हणाली.

“नाही म्हणाला. पाणी मागितलं होतं त्याने. माझी बाटली रिकामी झाली होती. आणतो म्हणालो.”

तिच्या हातातली पिरोगी फुटली आणि सारण बोटांवर आलं. तिने ते तसंच ठेवलं.

“जितक्यांना खाली आणलं त्यांच्याबद्दल मला पदक दिलं,” हॉगन म्हणाला. “ज्याला ठेवून आलो त्याच्याबद्दल कुणी कधी विचारलं नाही. ते पदक त्याच्या दगडावर ठेवावं असं फार वाटायचं. पण मागे माझं नाव कोरलंय, कुणीतरी प्रामाणिकपणे घरी पाठवून दिलं असतं. मग ते नाणं निघालं. त्याच्यावर कुणाचं नाव नाही. म्हटलं, हे त्याचं.”

“फाटकावरची पाटी वाचलीत?”

“वाचली. खिशात पावली होती माझ्या. हातात धरून उभा होतो बराच वेळ. ठेवली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं, हे तेव्हा माहीत नव्हतं. पण ती खोटी झाली असती.”

“आत्ता तरी खोटं बोलायचं होतंत,” व्हर्ना म्हणाली. “मला काय कळणार होतं?”

“मी कुठेही गेलो की माणसं उठून उभी राहतात,” तो म्हणाला. “बाई, निदान तुमच्यासमोर तरी मला खरं बोलायचं होतं.”

ती उठली. मला वाटलं, आता त्याला दार दाखवते. तिने ताटली घेतली, माझ्या भांड्यातून पिरोगी काढल्या, वर लोण्यात परतलेला कांदा घातला आणि त्याच्यापुढे ठेवली. “खाऊन घ्या,” ती म्हणाली. “डॉटचा पाय टाकलात तसं इथे चालणार नाही.” त्याने सगळं खाल्लं.

तो निघताना तिने नाणं त्याच्यापुढे धरलं. त्याने हात मागे घेतला. “त्याला दिलंय,” म्हणाला.

शुक्रवारी चेटचा समारंभ झाला. सलाम झाले, एका म्हाताऱ्याचं बटण तुटून पिरोगीच्या ताटलीत पडलं. हॉगनने सगळ्यांशी हात मिळवले आणि पदकाची ती तोंडात बसलेली गोष्ट सांगितली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते तेव्हा व्हर्ना काउंटरवर मासे बांधून देत होती. रात्रीच तो परत गेला.

त्या रात्री गाडीतून घरी येताना मी तिला म्हटलं, “मला नाही पटलं त्याचं वागणं.”

ती खिडकीबाहेर बघत होती. “रेटा, तुला एक सांगू?” ती म्हणाली. “मला इतकी वर्षं वाटायचं की अँडीचा शेवट कुणाकडे तरी आहे. कुणीतरी तो खिशात घालून फिरतोय आणि मला देत नाहीये. मी त्या माणसाची वाट बघायची, आणि त्याचा हेवाही करायची. अगं, तो कुणाकडेच नाहीये.” मग तिला रडू आलं. मी गाडी बाजूला घेतली आणि ती रडली. अडुसष्टमध्ये तिसऱ्या रांगेत ती रडली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं.

सकाळी शनिवार होता. मला वाटलं, आज नको म्हणेल. ती दारात उभी होती, खोक्यात पॅन्सीच्या फुलांची रोपं आणि खुरपं घेऊन. दफनभूमीत पोहोचल्यावर मी तिच्यामागून चालले. ती दगडापाशी गेली. माथ्यावरून हात फिरवला नाही. सरळ खाली बसली, ओल्या मातीत, चांगल्या कोटात. खुरप्याने खड्डा केला, ते सोन्याचं नाणं अंगठ्याने आत खोल दाबलं आणि वर रोप लावलं.

“चेट बोंबलेल,” मी म्हटलं.

“बोंबलू दे,” ती म्हणाली. “रेटा, तू गाडीत जाऊन बस.”

तिने मला असं कधी पाठवलं नव्हतं. मी जाऊन बसले. ती दगडाला खांदा टेकून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. वारा माझ्या बाजूला होता, त्यामुळे एवढंच ऐकू आलं, “एकटाच होतास ना रे? मग मला आधी सांगायचं नाही का?” पुढचं ऐकायचा मोह झाला, पण मी काच वर केली.

बऱ्याच वेळाने ती उठून गाडीकडे आली. गुडघे चिखलाने भरलेले, नाक लाल. मला वाटलं निघायचं, म्हणून मी गाडी सुरू केली. तिने काचेवर टकटक केली.

“गाडीत पाणी आहे का गं?” ती म्हणाली.

सीटखाली माझी बाटली होती. ती घेऊन व्हर्ना परत गेली. मला वाटलं, रोपांना घालते आहे. पण रोपं बाजूला होती आणि ती दगडाच्या अगदी जवळ, जिथे त्याचं डोकं असेल तिथे वाकली होती. तिने बाटली कलंडवली आणि अगदी सावकाश, धार तुटू न देता, सगळं पाणी त्याला दिलं.